कॅचर आधी

हार्पर्स ब्लफचा बेसबॉल संघ उन्हाळ्यात खेळतो आणि हिवाळ्यात बनतो. उन्हाळ्यातलं सगळ्या गावाला दिसतं. हिवाळ्यातलं काम तिकीटखिडकीमागच्या खोलीत चालतं, आणि त्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. एक कोच वेंडेल ओक्स यांची, दुसरी माझी. मी संघाचा कारकून, फोन घेणारा, गणवेश धुऊन आणणारा, आणि रविवारी माउंट हर्मोन बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक. नाव अ‍ॅमॉस ट्रेडवेल, पण त्या नावानं आता फक्त माझी बायको इमोजीन हाक मारते. बाकी गावाला मी डीकन.

सप्टेंबरात शेवटचा सामना झाला की बहुतेक पोरांचे करार संपतात आणि ती मोकळी होतात. वाटेल त्या संघाकडे सही करायला मोकळी. आमची लीग लहान. मोठ्या क्लबांनी सोडलेले, नाहीतर अजून न उचललेले असे खेळाडू आमच्याकडे येतात. पगाराला लीगनंच छत घातलेलं आहे, तेव्हा पैसा दाखवून कुणी कुणाला ओढू शकत नाही. मग ओढायचं कशानं? या एका प्रश्नावर कोच ओक्स यांनी एकवीस हिवाळे काढले होते आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"कॅचर आधी," ते म्हणायचे. "बाकीचे मागून येतात."

ते खरंही होतं. हिवाळ्यात पिचर लोक, म्हणजे चेंडू टाकणारे, एकमेकांना फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, तिकडे यंदा पकडायला कोण आहे? कॅचर बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो, आणि चांगला असेल तर कडेचा चेंडू असा अलगद धरतो की पंचालाही तो सरळ आल्यासारखा वाटतो. मोठ्या क्लबांची माणसं बघायला येतात तेव्हा असा कॅचर समोर असणं म्हणजे पिचरचं अर्धं आयुष्य सुधारणं. त्या वर्षी चार पिचर आमच्याकडे डोळे लावून बसले होते आणि चौघांचं म्हणणं एकच, टेरेल टॉलिव्हर परत येत असेल तर आम्हीही येतो.

टेरेल दोन वर्षं आमचा कॅचर होता. एकतीस वर्षांचा, शांत, चेंडू धरताना हात इतका हळू हलवणारा की झोपलेलं मूल उचलतोय असं वाटावं. ऑक्टोबरपासून कोच त्याला फोन करत होते आणि तो "विचार करतो, कोच," एवढंच म्हणत होता. ओहायोचा एक संघ त्याच्या मागे लागलाय हे आमच्या कानावर आलं होतं.

आणि टेरेल नाहीच आला तर म्हणून कोचनी आणखी एकाला थांबवून ठेवलं होतं. टॅनर व्होल्क. आयोवातल्या मक्याच्या शेतावरचा, तेवीस वर्षांचा, एका मोठ्या क्लबच्या खालच्या संघानं सोडून दिलेला. अंगानं दार अडवेल एवढा आणि बोलायला सुईच्या भोकाएवढा. कोच त्याला म्हणाले होते, "थोडा थांब पोरा, नाताळापर्यंत सांगतो." तो थांबला, तोही आमच्याच गावात. नदीकाठच्या पिकान नटांच्या कोठारात पोती उचलायचं काम त्यानं धरलं आणि कोठाराच्या माडीवर खोली घेतली. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन थांबला असता.

इमोजीनला एकटं जेवणारा माणूस बघवत नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी ती त्याला चर्चमध्ये घेऊन आली.

आता त्या रविवारचं सांगायला हवं.

आमचे रेव्हरंड ब्रॉडनॅक्स प्रवचन सुरू करतात तेव्हा शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. एखादं वचन वाचतात, चष्मा पुसतात, गुडघेदुखीबद्दल काहीतरी सांगतात. मग हळूहळू वाक्यं आखूड होतात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास येतो, त्या श्वासावर लोकांचं "आमेन" येतं, आणि कधी बोलणं संपून गाणं लागलं ते कुणालाच कळत नाही. सिस्टर युनिस ऑर्गनवर त्यांचा सूर हेरून ठेवते आणि नेमक्या जागी उत्तर देते. साठ वर्षं ऐकतोय मी अशी प्रवचनं. अजूनही त्या जागेशी आलं की माझ्या पायाला जमीन लागत नाही.

प्रवचनाआधी साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला देवाचे आभार मानायचेत त्यानं उठून बोलायचं. आणि माउंट हर्मोनमध्ये आभार आधी मानायची रीत आहे. मिळाल्यावर तर कुणीही मानतो. हातात यायच्या आधी मानले तर तो विश्वास. सिस्टर लव्हीनं ऑपरेशनच्या आदल्या रविवारी बरी झाल्याबद्दल आभार मानले होते. ब्रदर हॅम्प्टन यांनी पाऊस पडायच्या तीन आठवडे आधी पावसाचे मानले होते, तेही छत्री घेऊन येऊन. आमच्यात कुणी फसत नाही यानं. सगळ्यांना रीत माहीत आहे.

मी उठलो. म्हणालो, "देवानं आमचा टेरेल टॉलिव्हर आम्हाला परत दिला, त्याबद्दल मी त्याचे आभार मानतो. आमच्या होम प्लेटमागे माणूस बसलाय, चर्च! बसलाय!"

"बसलाय!" चर्च म्हणालं.

रेव्हरंडनी तो धागा उचलला. त्या दिवशीचं वचन त्यांनी बाजूला ठेवलं आणि कॅचर गायला घेतला. बॅटवाला जिथे उभा राहतो त्या होम प्लेटला आमच्या खेळात घरच म्हणतात. "मैदानात नऊ जण," ते म्हणाले, "त्यातले आठ जण घराकडे बघतात. एकटा... एकटा बाहेर तोंड करून घरापाशी बसतो. का बसतो? सांगा मला, का बसतो? घर राखायचंय त्याला! जे येईल ते अंगावर घेतो! उठतो, पुन्हा बसतो! हजार वेळा बसतो!" सिस्टर युनिसनं ऑर्गन असा उचलला की खिडक्या थरथरल्या. ब्रदर हॅम्प्टन मधल्या वाटेत नाचले. मी रडत होतो. मागे वळून पाहिलं तर टॅनर इमोजीनशेजारी उभा राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. ठेका चुकवून, पण मनापासून.

जेवायला मात्र तो थांबला नाही. कोठारात काम आहे म्हणाला. इमोजीननं ताट बांधून दिलं.

मंगळवारी सकाळी तो आमच्या खोलीच्या दारात आला. हातात इमोजीनचं धुतलेलं ताट.

"अभिनंदन, डीकन," तो म्हणाला.

"कशाबद्दल, बाळा?"

"टेरेल आला त्याबद्दल. फार चांगला कॅचर आहे. मी व्हिडिओ बघून बघून शिकलोय त्याच्याकडून." त्यानं ताट टेबलावर ठेवलं. "तुम्ही मला थांबवून ठेवलंत, त्याबद्दल थँक यू. काल मी ओहायोला सही केली. त्यांनाही कॅचर हवाच होता. शनिवारी निघतो."

मी कोचकडे पाहिलं. कोच माझ्याकडे बघत होते.

"टेरेल आला?" कोच म्हणाले. "कोण म्हणालं?"

"डीकन म्हणाले. चर्चमध्ये. सगळेच म्हणाले."

मी त्याला आमची रीत सांगितली. पोरगा कान देऊन ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत होता.

"आमच्याकडे," तो शेवटी म्हणाला, "लुथरन चर्चमध्ये लोक मिळाल्यावर आभार मानतात. तेही हळू आवाजात."

तो गेल्यावर कोचनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी काढली की कोच दहा वर्षांनी म्हातारे दिसतात.

"त्याला चर्चला कुणी आणलं?"

"इमोजीननं."

"आणि साक्ष कुणी दिली?"

"मी."

"म्हणजे एका घरातल्या दोन माणसांनी माझा राखीव कॅचर ओहायोला पोचवला. प्रवासखर्च तरी वाचला." ते खिडकीकडे बघत राहिले. "देवाचे आभार मानायला माझी ना नाही, डीकन. पण पुढच्या वेळी मनातल्या मनात माना."

घरी इमोजीनला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"तू त्या पोराला नीट समजावून का नाही सांगितलंस रविवारीच?" मी म्हणालो. "तुझ्याशेजारी तर होता."

"मी?" तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "मी शेजारी टाळ्या वाजवत होते, डीकनसाहेब, कारण माझा नवरा पुढे उभा राहून रडत होता. आता रडणं झालं असेल तर गाडी काढ आणि जा टेरेलकडे. फोनवर तो कुणालाच काही सांगत नाही."

बुधवारी मी नाशपातीच्या मुरंब्याच्या दोन बाटल्या घेऊन निघालो. टेरेल सॅव्हानाच्या अलीकडे राहतो, गाडीनं अडीच तास. वाटेभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. चार पिचर, एक कॅचर, आणि माझी एक साक्ष. तो नाही म्हणाला तर उन्हाळ्यात आमच्या मैदानावर बघायला काही उरणार नव्हतं, आणि त्याला कारण माझं तोंड.

टेरेल वऱ्हांड्यात होता. मला बघून हसला आणि पायऱ्या उतरून खाली आला. त्या पायऱ्या तो कसा उतरला ते मी पाहिलं. आडवा होऊन, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

"या डीकन. मी सही केली म्हणे."

"तुलाही कळलं?"

"अकरा फोन आले. सिस्टर लव्हीनं तर कुठल्या खोलीत राहणार ते विचारलं. एकानं मला प्रवचनच गाऊन दाखवलं फोनवर, बेसूर. जनेल म्हणाली, निदान बायकोला तरी आधी सांगायचंस." त्याची बायको जनेल दारातून हात हलवत होती. सातवा महिना होता तिला.

मी वऱ्हांड्यात बसलो आणि माफी मागितली. जुळवून आणलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "पोरा, तुला न विचारता मी तुझ्या नावानं आभार मानले. विश्वासानं मानले, पण तुझ्यावर ओझं टाकलं. आणि ते ऐकून तो आयोवाचा पोरगा, व्होल्क, ओहायोला निघून गेला. आता आमच्याकडे तूच आहेस. तरी तुला यायचं नसेल तर नको येऊस. मी गावाला सांगेन, चूक माझी."

टेरेलनं मुरंब्याची बाटली हातात फिरवली.

"व्होल्क गेला?" तो म्हणाला. "नक्की?"

"शनिवारी निघतोय."

"छे." त्यानं बाटली खाली ठेवली. "डीकन, त्या पोराच्या भरवशावर तर मी होतो."

मला कळेना.

"गुडघे," तो म्हणाला. "माझे नव्वद सामने नाही होत आता. पंचेचाळीस होतात, फार तर पन्नास. ओहायोवाले म्हणतात, बसू नकोस, नुसती बॅट चालव. पण मला बॅट चालवायला नाही आवडत, मला पकडायला आवडतं. मी ऐकलं होतं कोचनी व्होल्कला थांबवलाय. म्हटलं दोघं मिळून करू. एक दिवस तो, एक दिवस मी. त्याला शिकवता येईल. पण कोच एकदा तरी म्हणाले का की दोघं हवेत? दर फोनला तेच. तू येतोस का, नाहीतर माझ्याकडे दुसरा आहे. मी कसा सांगू की मला तो दुसराच हवाय?"

"मग म्हणायचंस की गुडघे दुखतात!"

"कॅचर कधी म्हणतो का, डीकन?"

आतून जनेलचा आवाज आला. "मला म्हणतो! रोज म्हणतो!"

मी तिथून उठून कोचना फोन लावला. सगळं सांगितलं.

"एकवीस वर्षं," कोच म्हणाले, "मी कॅचर आधी म्हणतोय. कॅचर दोन असू शकतात हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही." मग म्हणाले, "त्याला सांगा, मी येतोय. नको, थांबा, सांगू नका काही. आधी ओहायोला फोन करतो. आणि डीकन, गावात कुणाला काही बोलू नका."

"देवाला?"

"देवाला बोला. हळू."

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं त्या खोलीत फोन टेबलावर मध्ये ठेवून बसलो. ओहायोचा कोच गस पेट्राकिस. आमच्या कोचची आणि त्याची वीस वर्षांची ओळख, म्हणजे वीस वर्षांचं भांडण.

"व्होल्क?" पेट्राकिस म्हणाला. "सोमवारी सही झाली त्याची. शाई ओली आहे अजून. हा माझा तिसरा कॅचर, वेंडेल. पुढच्या दहा वर्षांचा कॅचर आहे तो."

"तिसरा आहे ना? मग दे मला."

"बदल्यात काय देतोस? तुझा तो डावखुरा पिचर?"

"डावखुरा मागच्या आठवड्यात टेक्सासला गेला."

"मग तुझ्याकडे आहे काय? बगळे?" आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे, आणि पेट्राकिसला त्यावर विनोद करायचा कंटाळा कधी आला नव्हता.

खरंच देण्यासारखं कुणी नव्हतं. सगळेच मोकळे, कागदावर आमचे असे फक्त सहा, आणि त्या सहांतला एकही सोडण्याजोगा नव्हता.

"माझं चेंडू फेकायचं मशीन गेलंय," पेट्राकिस सहज म्हणाला. "मालक नवं घेऊन देत नाही. तुमचं बघितलं होतं मी. तीन चाकांचं."

मी कोचकडे पाहिलं. ते मशीन म्हणजे कोचचा जीव. मागच्या वर्षी गावानं चार शनिवार मासे तळून विकले आणि ते आणलं. पावसात कोच स्वतः भिजतात आणि मशीनवर आपला रेनकोट टाकतात.

"नाही," कोच म्हणाले.

"मग व्होल्कला उन्हाळ्यात भेट कधीतरी."

कोचनी डोळे मिटले. ओठ हलत होते. ते प्रार्थना करत होते की शिव्या देत होते ते मी विचारलं नाही.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पण ट्रक तुझा."

फोन ठेवला आणि आम्ही दोघं कोठाराकडे निघालो. कोचचं म्हणणं, सौदा झाला तरी पोराला तोंडानं विचारायचं. टॅनर माडीवर पेटी भरत होता. कोचनी सगळं सांगितलं, टेरेलच्या गुडघ्यांपासून. टेरेलला तूच हवा होतास, हे दोनदा सांगितलं.

पोरगा पेटीवर बसला. पेटी करकरली.

"मला एका मशीनच्या बदल्यात घेतलंत?"

"नवं आहे रे," मी म्हणालो.

"किती चेंडू टाकतं?"

"तासाला सहाशे," कोच म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला.

टॅनर हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, आयोवाच्या पद्धतीनं. "वडिलांना सांगतो. ते म्हणतील, चांगला भाव आला." आणि त्यानं पेटीतले बूट बाहेर काढून पुन्हा पलंगाखाली ठेवले.

टेरेल सोमवारी जनेलला घेऊन आला आणि त्यानं गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली, कारण पायऱ्या चढून खोलीत यायचा त्याला कंटाळा होता. या वेळी त्यानं ते मोकळेपणानं सांगितलं. कोचनी त्याच्या गुडघ्यांकडे बघून नुसती मान हलवली आणि भिंतीवरच्या फळ्यावर कॅचरच्या रकान्यात दोन नावं लिहिली. रकाना एकाच नावापुरता होता. दुसरं नाव समासात गेलं. चारातले तीन पिचर डिसेंबर संपायच्या आत आले. चौथा फ्लोरिडाला गेला. तिथं समुद्र आहे, त्याला काय करणार.

फेब्रुवारीत पोरं सरावाला जमली, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की चेंडू फेकायला आता मशीन नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"डीकन," कोच म्हणाले, "तुम्ही तरुणपणी फेकायचात ना?"

"त्रेसष्ट वर्षांचा आहे मी."

"म्हणजे सरळ येतील. पोरांना सोपं पडेल."

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजता मी माउंडच्या, म्हणजे पिचरच्या उंचवट्याच्या, अलीकडे, जाळीच्या आडोशाला, एका टोपलीभर चेंडू घेऊन उभा असतो. समोर घर राखत एक दिवस टेरेल बसतो, एक दिवस टॅनर. टेरेल ज्या दिवशी बसत नाही त्या दिवशी टॅनरच्या मागे उलटी बादली टाकून त्यावर बसतो आणि त्याचं कोपर दोन बोटांनी खाली दाबतो. "हळू," म्हणतो. "ओढू नकोस. येऊ दे त्याला." माझे चेंडू कडेला जातात, खाली पडतात, कधी त्यांच्यापर्यंत पोचतही नाहीत. पण ते दोघं चेंडू असे धरतात की मला वाटतं, मी अगदी सरळ फेकला.

दुपारी इमोजीन खांद्याला तेल चोळते. "तासाला सहाशे होतात का रे?" विचारते.

"चाळीस," मी सांगतो. "पण मधे मधे गातो."